दोनशे बारा पानांत नवऱ्याचं नाव नाही

अंधेरीच्या त्या हॉटेलच्या दारातच एका मुलीने वनमाला घाडीच्या गळ्यात निळी फीत अडकवली. फितीला कार्ड, कार्डावर तिचं नाव, आणि नावाखाली छापलेलं होतं, 'नवोदित लेखिका'. अडुसष्टावं वर्ष सरत आलेलं, दोन सुना आल्या, नातवंडं मिशा काढायला लागली, आणि ही नवोदित!

"हे कोणी लिहिलंन गो?" तिने अबोलीला विचारलं.

"पहिलं पुस्तक असलं की तसंच लिहितात, आजी."

"मग पहिलं पुस्तक लिहा ना. नवोदित म्हणजे काय, मी काल उगवले?"

अबोली हसली नाही. सकाळपासून तिचं तोंड पडलेलं होतं. वनमालेला वाटलं, पोरगी घाबरली असेल. अबोली ही तिच्या थोरल्या मुलाची, दशरथची मुलगी. कॉलेज संपवून एका जाहिरात कंपनीत लागली होती. आजीच्या सहा वह्या तिनेच रविवारी रविवारी बसून टाइप केल्या, कुठेतरी पाठवल्या, आणि इथून बोलावणं आणलं. लेखकांनी यायचं, प्रकाशक आणि एजंट यांना भेटायचं, असा तो दोन दिवसांचा मेळावा होता. ज्यांचं लिखाण आधी वाचून आवडलंय त्यांना दहा दहा मिनिटं मिळणार. मग घंटा. मग पुढचा.

एजंट या शब्दाचाच वनमालेला आधीपासून संशय होता. जन्मात तिने तीन जातीचे एजंट बघितले. एक विम्याचा, एक खोल्यांचा, आणि एक गणपतीत कोकणात जाणाऱ्या गाड्यांचा, जो खिडकी सांगून टपावर बसवतो. "पुस्तकाला एजंट कशाला लागतो?" असं तिने विक्रोळीहून निघताना रिक्षात विचारलं होतं. "पुस्तक म्हणजे काय खोली आहे, दोघांना दाखवून तिसऱ्याला विकायला?"

शाळा म्हणाल तर चौथी. तीही मालवणकडच्या गावात, गुरं सांभाळून. पण दुपारची भांडी झाली की विक्रोळीच्या कन्नमवार नगरातल्या आपल्या दोन खोल्यांत वनमाला वही घेऊन बसायची आणि लिहायची. तिची लालबागची खानावळ लिहायची. दहा बाय बाराची खोली, बेचाळीस जेवणारे. त्यांना तेव्हा 'मेंबर' म्हणत. सगळे कोकणातले, सगळे गिरणीतले, बायकापोरं गावी ठेवून आलेले. कोण कुठल्या वाडीचा, कोणाला तिरफळं चालत नाहीत, कोण सोमवारी माशाला शिवत नाही, कोण भाताचा डोंगर करून मधे आमटीची विहीर खणतो, सगळं तिने लिहिलं. मग गिरण्यांचा संप आला. दीड वर्ष. त्या दीड वर्षात बेचाळीस माणसं जेवली ती कशी जेवली, तेही लिहिलं.

आणि एवढं लिहायचं कारण एकच माणूस होता. तो आता नाही. चोवीस वर्षं झाली. संपावर पुढाऱ्यांनी लिहिलं, पेपरवाल्यांनी लिहिलं, मोर्च्यांचे फोटो छापून आले. पण ज्या माणसाने गिरणीतला साचा, म्हणजे माग, सोडून बायकोच्या खानावळीत बसून मासे साफ केले, आणि आपल्यासारख्याच बेकार माणसांच्या ताटात रोज वाढलं जाईल असं बघितलं, त्याच्यावर कोणी एक ओळ लिहिली नाही. ती ओळ छापून यावी, एवढंच तिचं मागणं. कोणापाशी बोलली नव्हती ती हे. नाव सांगायचं तर सहदेव. ती सांगणार नाही, म्हणून मी सांगून टाकते. तिच्या माहेरी, सासरी, अख्ख्या गावात कोणा बाईने नवऱ्याचं नाव घेतलेलं तिने ऐकलं नव्हतं. लग्नात घेतलं तेवढंच, तेही सासूने दार अडवलं म्हणून.

आत गेल्यावर आधी खाणं होतं. लांबच लांब टेबलं, झाकणं घातलेली भांडी, आणि शिकलीसवरलेली माणसं हातात थाळी घेऊन रांगेत उभी. ज्याने त्याने घ्यायचं, ज्याने त्याने उभ्याने खायचं. कोणी कोणाला 'आणखी घ्या' म्हणत नव्हतं. एक म्हातारे गृहस्थ अर्धा इडलीचा तुकडा घेऊन भांबावल्यासारखे फिरत होते, त्यांना बसायला खुर्ची नव्हती.

"ह्याला जेवण म्हणतात?" वनमाला म्हणाली. "माझ्या खानावळीत कुत्रं आलं तरी त्याला बसून खायला मिळायचं."

"आजी, हळू."

"हळू कशाला? कोणी ऐकत असलं तर बरंच आहे, शिकतील."

साडेअकराला त्यांचा नंबर लागला. हॉलमध्ये परीक्षेला मांडतात तशी छोटी टेबलं मांडली होती. सातव्या टेबलापाशी दोघं बसलेली. बाईंचं नाव नीला. पन्नाशीची बाई, केस मुद्दाम पांढरे ठेवलेले, कानात पितळी झुंबरं, सुती साडी कडक इस्त्रीची. ती एजंट. शेजारी मिहिर नावाचा पोरगेला गृहस्थ, प्रकाशनाकडून आलेला, एक डोळा फोनवर.

"या या, वनमालाताई!" नीलाबाई उठून उभ्या राहिल्या. "मी तुमचं सगळं वाचलं. दोन रात्री झोप नाही लागली मला."

"का हो? पित्त झालं?"

नीलाबाई खूप हसल्या. वनमालेने विनोद केला नव्हता, पण तिला बाई बरी वाटली. पदर सारखा करून ती बसली. अबोली तिच्या मागे खुर्ची ओढून बसली.

"हे पुस्तक व्हायला हवं," नीलाबाई म्हणाल्या. "मी सरळ सांगते. मिहिरलाही तेच वाटतं. मराठीत करू, मग इंग्रजीत करू."

चोवीस वर्षं तिने हे वाक्य ऐकायची वाट बघितली होती, आणि ते असं पहिल्याच मिनिटात येईल असं वाटलं नव्हतं. तिने मनात म्हटलं, ऐकलंत का हो.

"आणि तुम्ही जे केलंय ना त्यात," नीलाबाईंनी टेबलावर बोट आपटलं, "ते मी आजवर कुठल्या बाईने केलेलं वाचलं नाही. बेचाळीस मेंबर आहेत. प्रत्येकाचं नाव आहे, गाव आहे, खोड आहे. मांजरीचं नाव आहे. मच्छीवालीच्या जावयाचं नाव आहे. आणि नवऱ्याचं? दोनशे बारा पानांत एकदासुद्धा नाही. नुसतं 'हे'. 'हे पाठमोरे बसले.' 'हे काही बोलले नाहीत.' 'हे उठून बाहेर गेले.' ताई, हा सूड आहे."

"कोणाचा सूड?"

"तुमचा. त्याने तुमचं आयुष्य गिळलं, तुम्ही त्याचं नाव गिळलंत. आवाज न करता. जबरदस्त आहे हे!"

वनमालेला वाटलं आपल्याला नीट कळलं नाही. तिने मागे वळून अबोलीकडे बघितलं. अबोली खाली बघत होती.

"आमच्यात नवऱ्याचं नाव घेत नाहीत," वनमाला म्हणाली. लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं तिने. "तुम्ही मराठीच ना? तुमच्या आजीने घेतलं होतं?"

"नाही, माझ्या आजीनेही नाही. मला प्रथा माहीत आहे ना! पण तीच प्रथा तुम्ही हत्यार म्हणून वापरलीत, तिथेच तर मजा आहे."

"मी वापरली?"

"नकळत असेल. मोठे लेखक नकळतच करतात."

आता याला काय म्हणावं? बाईने मानापोटी तोंड बंद ठेवलं, तर ह्यांनी त्यातून सुरा काढला. आणि वर शाबासकी.

मिहिरने फोन खाली ठेवला. "कव्हर माझ्या डोक्यात आहे, आजी. पाठमोरा माणूस, चेहरा नाही, हातात कोयता."

"मासे कोयत्याने कापतात?"

"नाही, म्हणजे... सिम्बॉलिक."

"आडाळ्यावर कापतात मासे. विळीवर. कोयत्याने शहाळी तासतात. तुम्ही घरी मासे खाता की नुसते कव्हरवर काढता?"

मिहिर ओशाळून हसला. "बरं, विळी. फक्त एक आहे. तुम्ही सगळं सुचवून सोडलंय. दोनेक ठिकाणी उघड लिहायला हवं. त्यांनी हात उचलला वगैरे. म्हणजे वाचकाला दिसेल."

"कोणी उचलला?"

"त्यांनी. आजोबांनी."

वनमाला गप्प झाली. वनमाला गप्प झाली की कन्नमवार नगरातल्या बायका आपापली दारं लावून घेतात, पण हे त्या दोघांना कुठून माहीत असणार! नीलाबाई समजुतीने तिच्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, "त्रास होत असेल आठवायला. सावकाश. आपण तूर्त एवढं करू, ही संमती द्या, मी प्रकाशकांशी बोलणी सुरू करते. माहिती तुमच्या नातीने भरलेलीच आहे."

समोर एक छापील कागद आला. वर पुस्तकाचं नाव लिहायची जागा, खाली 'पुस्तक पाच ओळींत'. वनमालेने चष्मा चढवला आणि अक्षरांखाली बोट धरून वाचायला लागली. तिला वाचायला वेळ लागतो, पण ती एक अक्षर सोडत नाही. 'एका अबोल आणि जुलमी नवऱ्याच्या सावलीत खानावळ चालवणाऱ्या स्त्रीची...' तिथे बोट थांबलं.

"हे कोणी लिहिलं?"

पलीकडच्या टेबलावरचा एक कवी मोठमोठ्याने आपलं काहीतरी समजावून सांगत होता, तेवढं ऐकू येत होतं.

"अबोली?"

"मी," अबोली म्हणाली.

सगळ्या हॉलने आपल्याला येऊन थोबाडीत मारली असती तरी वनमालेला तेवढं लागलं नसतं. ही बाई परकी, हा पोरगा परका, त्यांना काय कळणार. पण ही घरची. भिंतीवरच्या फोटोला दर दसऱ्याला हार घालणारी. सकाळपासून पडलेल्या तोंडाचा अर्थ आता लागला.

"जुलमी?" वनमाला उभी राहिली. "जुलमी? अहो बाई, त्या खोलीत कोणी कोणावर जुलूम केला असेल ना, तर तो मी केला! विचारा लालबागेत, कोणी जिवंत असेल तर. माझा आवाज तीन मजले खाली जायचा आणि ह्यांचा ओठाबाहेर पडत नव्हता. हात उचलला म्हणे! ह्यांनी हात उचलला तो फळीवरचं पीठ काढायला, कारण माझा पोचायचा नाही."

"ताई, बसा ना..."

"नाव हवंय ना तुम्हाला? लिहून घ्या. सहदेव सखाराम घाडी." म्हणताना तिची जीभ अडखळली, आणि उगाचच वाटलं, मागे सासू उभी आहे. पण आता थांबण्यात अर्थ नव्हता. "सहदेव सखाराम घाडी, चार साचे एकट्याने सांभाळणारा माणूस. संपात दीड वर्ष बेचाळीस माणसांचे मासे साफ केले त्यांनी. पगार नाही म्हणून एकाचंही ताट उचललं नाही. आणि पाठमोरे का बसायचे? समोर कोणी बघत बसलं तर फुकट जेवणारा माणूस तिसरी भाकरी मागत नाही. लाजतो. म्हणून पाठ करून बसायचे. कळलं?"

आजूबाजूच्या चार टेबलांवरून लोक बघायला लागले होते. त्या कवीनेही थांबून मान वळवली.

नीलाबाईंचा चेहरा खरोखरच बदलला. "हे का नाही लिहिलंत तुम्ही?"

"बायकोने आपल्याच नवऱ्याचा मोठेपणा सांगायचा? चार लोकांत?"

"पण मग वाचणाऱ्याला कळणार कसं?"

ह्याचं उत्तर वनमालेपाशी नव्हतं, आणि उत्तर नसलं की तिचा राग दुप्पट होतो. पण मिहिर मधे बोलला, म्हणून तो राग त्याच्यावर गेला.

"आजी, छानच आहे हे," तो म्हणाला. "पण मग गोष्टीत भांडण कुठे राहिलं? नवरा चांगला, बायको कष्टाळू, मेंबर गरीब. संपावर तर ढीगभर पुस्तकं आहेत. चांगल्या नवऱ्याचं पुस्तक कोण घेणार?"

"वाईट असता तर घेतलं असतंत?"

मिहिरने नीलाबाईंकडे बघितलं. मग म्हणाला, "खरं सांगू? हो."

निदान खरं बोलला. वनमालेने टेबलावरचं त्याचंच पेन उचललं आणि 'जुलमी' या शब्दावर अशी रेघ मारली की कागद फाटला. मग वाटलं एक शब्द खोडून काय होणार, आणि पाचही ओळी खोडल्या. टाइप केलेल्या पानांचा गठ्ठा पिशवीत टाकला.

"ताई, रागाच्या भरात ठरवू नका," नीलाबाई म्हणाल्या. "मी मनापासून सांगते, अशी संधी परत नाही येत."

"नाही आली तर नाही आली. मेलेल्या माणसाला शेण फासून मला लेखिका व्हायचं नाही. तुमच्यासारख्या शहाण्या बाईला पाठमोरा माणूस दिसला की तो जुलमी, एवढंच कळतं? माझी मांजर जास्त ओळखायची माणसं."

घंटा वाजली. पुढचा माणूस आपली फाइल छातीशी धरून आधीच येऊन उभा होता. तो घाबरून दोन पावलं मागे सरकला. वनमालेने गळ्यातली फीत काढून त्याच्या हातात दिली आणि ती चालायला लागली.

बाहेर रस्त्यावर, मेट्रोच्या पुलाखाली, ऊन-सावलीचे पट्टे पडले होते. मोजे-रुमालवाल्याच्या शेजारी एका बंद दुकानाची पायरी होती, तिथे वनमाला बसली. अबोली उभीच राहिली. ती रडत होती.

"रडतेस कशाला? रडायला मी हवी. आजोबाला जुलमी म्हणताना जीभ... बोटं झडली नाहीत तुझी?"

"मग मला कोण सांगणार होतं?" अबोली एकदम उसळली. रस्त्यात. "सांग ना! मी जन्मायच्या आधी ते गेले. पप्पांना विचारलं तर म्हणतात, बाबा शांत होते. तुला विचारलं तर म्हणतेस, काय सांगायचं त्यांचं, देवमाणूस, जा चहा टाक. सहा वह्या टाइप केल्या मी, आजी. दर पाच पानांनी तो माणूस येतो, काही बोलत नाही आणि उठून जातो. मला वाटायचं, तू काहीतरी लपवतेयस. मला वाटायचं, हिला सांगता येत नाहीये, आपण सांगूया. रात्रभर तुझ्यासाठी वाईट वाटायचं मला, माहितीये?"

एवढ्या वर्षांत तिला गप्प करणारं घरात कोणी झालं नव्हतं, आणि झालं ते हे तेवीस वर्षांचं पोर. आत त्या बाईने विचारलेलं, वाचणाऱ्याला कळणार कसं, ते तेव्हा रागात बुडवलं होतं. ते आता वर आलं. मान राखायचा म्हणून तिने नवऱ्याची जागा मोकळी सोडली होती. मोकळ्या जागेत लोकांनी आपल्याला हवा तो माणूस आणून बसवला. चूक त्यांची होतीच, ती आपल्या पदरात घेणार नव्हती ती. पण सगळी त्यांची नव्हती.

"बस," ती म्हणाली. "पाय दुखतील."

अबोली बसली. नाक पुसून म्हणाली, "ते भाकरीचं... ते आजोबांनी स्वतः सांगितलं होतं तुला?"

"हो."

"कधी?"

वनमाला समोरच्या बसकडे बघत राहिली. बस गेली तरी तिकडेच बघत होती.

"मी विचारलं तेव्हा. आठवड्याने."

"कशाच्या आठवड्याने?"

"तुला सगळं कशाला हवं गो?"

"कारण मी परत चुकीचं लिहीन."

हे खरं होतं. वनमालेने पिशवी मांडीवर घेतली, पुन्हा खाली ठेवली. मग सांगितलं. संप लागून महिना झाला होता. मदतीला बाई परवडेना, म्हणून हे म्हणाले, मासे मी करतो. पहिल्या दिवशी हे जेवणाऱ्यांकडे तोंड करूनच बसले होते. सवय नव्हती. बांगड्याचं पित्त फुटलं, सगळं कडू झालं, दहा-बारा बांगडे फुकट गेले. बेचाळीस ताटं मांडलेली, चुलीवर आधण चढलेलं, आणि तिचं डोकं फिरलं. ती सगळ्यांसमोर बोलली. बेचाळीस माणसं हसली. गिरणीतल्या ह्यांच्याच खात्यातली माणसं, ह्यांना 'घाडीबुवा' म्हणणारी. हे काही बोलले नाहीत. हात धुतले, उठून बाहेर गेले.

"आणि दुसऱ्या दिवसापासून पाठ करून बसायला लागले," वनमाला म्हणाली. "आठवड्याने मी विचारलं, असे का बसता? तर ते भाकरीचं म्हणाले. हसत म्हणाले."

"मग खरं कारण कोणतं?"

"मला काय माहीत? परत विचारलं नाही मी." ती चिडून म्हणाली, पण चिडली कोणावर ते तिचं तिलाच ठाऊक. "एवढा तोंडाचा पट्टा चालवणारी मी, पण ते विचारायची छाती झाली नाही."

मोजेवाला एका गिऱ्हाइकाशी सहा जोड्यांवरून हुज्जत घालत होता.

"मग आता पुस्तकात कोणतं लिहायचं?"

"दोन्ही लिही. भाकरीचं पण आणि हेही."

"आणि कोणी छापलं नाही तर?"

"नाही छापलं तर वही आहे. निदान घरात तरी कोणी त्यांना जुलमी म्हणणार नाही. काढ तो फोन, लिही. आत्ता लिही, घरी गेले की माझा विचार बदलेल."

अबोलीने फोन काढला. वनमाला पाठ ताठ करून बसली, फोटोला बसतात तशी.

"सहदेव घाडी पहिल्यांदा मासे साफ करायला बसले," ती म्हणाली. नाव घेताना पुन्हा जीभ अडखळली, पण हॉलमधल्याइतकी नाही. "त्या दिवशी बांगडे होते. पित्त फुटलं. बायको त्यांना चारचौघांत बोलली."

"काय बोलली?"

"बोलली म्हटलं ना."

"आजी, काय बोलली ते लिहिलं नाही तर लोक पुन्हा आपल्या मनाचं घालतील."

"फार आगाऊ आहेस. कोणावर गेलीस कळत नाही." वनमालेने आजूबाजूला बघितलं. ऐकायला मोजेवाल्याशिवाय कोणी नव्हतं. मग ती ते वाक्य बोलली, बेचाळीस वर्षांपूर्वी बोलली होती तसंच, शब्दाला शब्द:

"साचे चालवणारे हात म्हणे! साधा बांगडा धरता येत नाही. सरका बाजूला, बायकांचं काम आहे, बायकाच करतील!"

आवाज तोच लागला. मोजेवाला दचकून वळला आणि त्याच्या गिऱ्हाइकाने हातातली जोडी खाली ठेवली. वनमाला त्यांच्याकडे बघत नव्हती. तिने अबोलीच्या हातातल्या फोनवर बोट ठेवलं आणि अक्षर न् अक्षर बरोबर उतरलंय का ते बघायला लागली.